एस्किलने बुसानला कधी यावं

योंगदोच्या गोदीगल्लीत एक कुजबूज दोन वर्षं मजेत नांदली. म्हणे, परदेशाहून आलेला पोटचा पोरगा टपरीपुढे उभा दिसला तशी माल्सून मागच्या पायऱ्यांनी उतरली आणि मिळेल त्या बसने पळून गेली. आमच्या बुसानात बातमीचं माशासारखं असतं, ताजी असते तोवर तिला गिऱ्हाईक. ही मात्र खारवून ठेवलेली निघाली. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो तुकडा मोडून खाई.

माल्सून साठीची. गोदीच्या फाटकासमोर तिची चार बाकांची नूडल्सची टपरी. तरुणपणी ती दोरांना टांगलेल्या फळीवर बसून हातोडीने बोटींचा गंज उडवायची. त्या ठणठणाटाने तिचे कान निम्मे गेले आणि आवाज दुप्पट झाला. तिने हळूच सांगितलेलं पलीकडच्या धक्क्यावरही ऐकू जाई. अशा बाईने एक गोष्ट छत्तीस वर्षं पोटात ठेवली, हेच नवल. नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो परतलाच नाही, तेव्हा तिने तीन महिन्यांचं पोर अनाथालयात दिलं होतं. तिथून ते डेन्मार्कला दत्तक गेलं. तिकडे त्याचं नाव एस्किल झालं. हे नाव माल्सूनला अजूनही नीट उच्चारता येत नाही.

पत्र आलं ते इंग्रजीत. वाचायला कप्तान बे. हे गृहस्थ बोटीवर आचारी होते, पण बंदरोबंदरी कांदे-बटाटे घेता घेता इंग्रजी बोलायला शिकले होते. गल्ली त्यांना कप्तान म्हणे आणि तेही कधी नाही म्हणत नसत.

"तो म्हणतोय, मला तुम्हाला भेटायचं आहे," कप्तानांनी चष्मा वर सरकवला. "आणि विचारतोय, बुसानला यायला सगळ्यात चांगला ऋतू कोणता?"

माल्सूनच्या हातातला डाव तसाच राहिला. उत्तर शेजारच्या मासळीवाल्या दोक्जाने दिलं. तिला नाही विचारलं तरी ती उत्तर देते.

"उन्हाळ्यात बोलव, ताई. समुद्र बघेल, डुंबेल."

"कसला समुद्र?" कप्तान म्हणाले. "तेव्हा नुसत्या छत्र्या दिसतात. पाणी छत्र्यांच्या खाली असतं म्हणे."

"मग उन्हाळा सरल्यावर."

"तेव्हा वादळं. तुझी ताडपत्री मागच्या वादळात उडाली ती अजून जपानात फिरतेय."

"हिवाळ्यात नको," माल्सून पहिल्यांदा बोलली. "टेकडीवरचं वारं त्याला सोसायचं नाही."

"अगं, तो डेन्मार्कचा. आपल्या हिवाळ्यात तो सदऱ्यावर हिंडेल," दोक्जा म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून माल्सूनला ऋतूंचं वेड लागलं. जन्मभर ज्या गावाकडे तिने वर मान करून पाहिलं नव्हतं, त्याच्यात ती आता खोट काढू लागली. मे महिन्यात धुकं पडलं की म्हणे, बोटीच दिसत नाहीत, तो पाहणार काय? जूनमध्ये पावसात टपरीचं छप्पर गळलं की म्हणे, ह्यात बसवू त्याला? चांगला दिवस उजाडला, आभाळ निवळलं, समोरचा पूल धुतल्यासारखा दिसला, की तिचा जीव आणखीच खाली-वर होई. आज आला असता तर. एकेक चांगला दिवस तिच्या हातून असा फुकट निसटत होता. आणि पत्राला उत्तर नाही ते नाहीच.

"तुला तो यायला हवाय की नकोय?" एक दिवस दोक्जाने माशाचं डोकं उडवता उडवता विचारलं.

माल्सूनने भांडं विसळलं, पालथं घातलं, आणि कप्तानांना हाक मारली. "लिहा. वाढदिवसाला ये म्हणावं. मी सार करीन."

सार म्हणजे समुद्रातल्या शेवाळाचं. आमच्याकडे बाळंतिणीला तेच देतात आणि मग लेकराला दर वाढदिवसाला. माल्सूनच्या लेकराला त्यातला घोटभरही मिळाला नव्हता. कप्तानांनी लिहिलं. उत्तर आलं: वाढदिवसाला नक्की येतो, मला आणायला येऊ नका, पत्ता मी शोधीन.

फेब्रुवारीत माल्सून टपरी बंद करून गिजांगला समुद्रकाठच्या मावसबहिणीकडे गेली. बाजारात शेवाळ दुमडून पुडक्यात बांधलेलं मिळतं, आणि आईने लेकरासाठी घ्यायचं पान मोडलेलं नसावं. तिथे आवारातल्या जाळ्यांवर तिने ओली पानं स्वतःच्या हाताने पसरली, उलटली, खडखडीत वाळवली. चौथ्या दिवशी हातभर लांब जुडी छातीशी धरून ती बसमध्ये उभ्यानेच परत आली. बसली तर पान वाकलं असतं.

दोक्जा वाटेतच आडवी आली. "ताई, कुठे उलथली होतीस? तुझा मुलगा येऊन गेला."

माल्सूनने दोनदा विचारलं. तिला वाटलं आपले कानच दगा देतायत.

"उंच आहे. दोन दिवस तुझ्या बंद टपरीसमोर बसून होता. मी भाजलेला मासा दिला, काट्यांसकट खाल्ला बिचाऱ्याने. कप्तान गुडघ्याचं ऑपरेशन करून दवाखान्यात पडलेले. मी हातवाऱ्यांनी सांगितलं, आई बसने गेली. आणखी काय सांगू? तू मला तरी कुठे सांगून गेलीस?"

टपरीच्या दाराच्या फटीत चिठ्ठी होती. माल्सून ती घेऊन थेट दवाखान्यात गेली. कप्तानांनी वाचली: बहुधा मी चुकीच्या ऋतूत आलो. बरोबर कोणता, ते कळवाल का?

"पण तो आत्ताच कसा आला?" माल्सून म्हणाली.

"वीस फेब्रुवारीला वाढदिवस म्हणून."

"महिना आहे अजून. दुसऱ्या महिन्याची वीस."

कप्तानांनी चष्मा काढला. "तिथीने की तारखेने?"

"तिथीने. वाढदिवस तारखेने कोण करतं?"

अनाथालयातल्या बाईने तिने सांगितलेली चांद्र महिन्याची तिथी तारीख म्हणून लिहून घेतली होती. डेन्मार्कात छत्तीस वर्षं चुकीच्याच दिवशी मेणबत्त्या विझल्या होत्या. माल्सूनने जुडी कप्तानांच्या खाटेवर आडवी ठेवली आणि एकेक पान तपासलं. एकही मोडलं नव्हतं.

महिन्याने तिथी आली. माल्सूनने सार केलं आणि दोन वाडगे मांडले. दोक्जा वासावर आली.

"हा गार होतोय, ताई. मी खाऊ?"

"खा."

दोक्जाने खाल्लं. दोक्जाचा शेजारधर्म एवढाच, की त्या दिवशी तिने मीठ कमी आहे असं म्हटलं नाही. बाकी बसची कथा तीच तर गल्लीभर वाटत होती.

त्याच दुपारी कप्तान काठी टेकत आले. "काय लिहू? कोणता ऋतू?"

माल्सूनने खूप विचार केला. "लिहा, टपरी आता रोज उघडी असते."

आणि ती असते. नवीन वर्षाला, सुगीच्या सणाला, वादळाचा इशारा असला तरी. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.

माल्सून पळाली नव्हती. पोरगा आला तेव्हा ती गिजांगला त्याच्या वाढदिवसाचं शेवाळ वाळवत होती.