साळवे मामांनी जाळलेला झेंडा

साळवे मामा गेल्याचं मला त्यांच्या मुलीनं फोनवर कळवलं. "सर, दादा गेले. तुमाला कळवा म्हन्ले होते..." एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. मी तेव्हा जुन्या जालन्यात एका कापड दुकानात नातवाच्या बारशाची खरेदी करत होतो. दुकानदारानं दोनदा विचारलं, किती मीटर फाडू? मी काही न घेताच बाहेर पडलो.

वडीगोद्रीहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आमची शाळा होती. मी मुख्याध्यापक, मामा शिपाई. घंटा, पाणी, खडू, कुलपं सगळं त्यांच्याकडे. पण त्यांचा जीव होता झेंड्यात. घडी घालण्याआधी साबणानं हात धुणार, चपला लांब काढणार. केशरी आणि हिरवा पट्टा आत, वर पांढरा, त्यावर चक्र दिसलं पाहिजे. मग दोन्ही तळव्यांवर ती घडी धरून कपाटापर्यंत असे चालणार, की माझ्यासारख्या माणसालाही पाय जुळवून उभं राहावंसं वाटे. एका सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला, वारा फार होता. झेंडा उतरवून ते माझ्याकडे आले. "सर, ह्या बारीला पार फाटला. टाका घालून बी जमणार न्हाई." मी सांगितलं, फाटलेला झेंडा एकांतात, सन्मानानं, अख्खाच्या अख्खा जाळायचा असा नियम आहे. ते म्हणाले, "लेखी द्या सर." मी हसलो. "एवढ्याला लेखी कशाला, मामा? मी सांगतोय ना."

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मागची जागा झाडली, पाणी शिंपडलं, नवं घमेलं ठेवलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आधी सलाम केला, मग काडी लावली, आणि राख होईपर्यंत अनवाणी उभे राहिले. राख तिथेच खड्डा करून पुरली. मी खरं तर शेजारी उभं राहायला हवं होतं. मी ऑफिसात माहितीचे तक्ते भरत होतो. कुंपणापलीकडून गावातल्या एकानं मोबाइलवर चित्रण केलं. तो माझाच जुना विद्यार्थी. त्यात सलाम नव्हता. फक्त आग होती, आणि साळवे मामा.

सोमवारी परिपाठाच्या वेळेला फाटक ढकलून माणसं आत आली. मामांना ध्वजस्तंभाखाली गुडघ्यांवर बसवलं, तोंडाला काळं ऑइल फासलं. "तुमच्या लोकांना ह्या देशानं काय कमी दिलं रे?" असं कुणीतरी ओरडलं आणि उजव्या कानाखाली अशी मारली की ते आडवे झाले. चौथीच्या पोरी रडत होत्या. मामा म्हणत होते, "नियमानं केलं... सरांना इचारा." सगळे माझ्याकडे वळले. एकानं विचारलं, "सर, तुम्ही सांगितल्तं का?" मामा माझ्याकडे बघत होते. तोंडावर तेल, डोळे तेवढे पांढरे.

मी म्हणालो, "मला चौकशी करावी लागेल."

पोलीस आले, मामांना घेऊन गेले, निलंबन झालं. माझ्या जबाबात मी लिहिलं, 'याबाबत तोंडी चर्चा झाली असावी.' असावी! पुढे चौकशी अधिकाऱ्यानं नियम वाचला आणि म्हणाला, या माणसानं तर सगळं बरोबर केलंय. वर्षभरानं मामा कामावर परतले. उजव्या कानानं ऐकू येणं बंद झालं होतं. गावानं एकच अट घातली, झेंड्याला यानं हात लावायचा नाही; आणि ती अट त्यांना सांगायचं कामही मीच केलं. "झेंडावंदनाच्या दिवशी सुट्टी घेत जा, मामा." ते म्हणाले, "बराबर आहे, सर." निवृत्त होईपर्यंत त्यांनी शाळेत एकदाही ध्वजवंदन केलं नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी चहा ठेवला. दारात एका जागी फरशी झिजली होती. तिकडे बोट करून त्या म्हणाल्या, "झेंडावंदनाला हितं उभे राह्यचे. शाळेच्या भोंग्यातून गाणं आलं की डावा कान तिकडं करून, ताठ. मी एकदा इचारलं, तुमाला कुनी सांगितल्तं का जाळायला? म्हन्ले, न्हाई, मीच नियम वाचल्ता. सरांना ठाव असतं तर सर बोलल्याबिगर राह्यले असते का?" मग कप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "शाळेतून तुमी एकलेच आले, सर. तुमचं लई नाव घ्यायचे."

मी चहा संपवला. मामा फार चांगले होते, असं काहीतरी म्हणालो. मी उठताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, तोही करू दिला.

सांगितलं मीच होतं. ते तिथं बोलणं जमलं नाही, म्हणून इथं लिहितोय... त्यांच्या घरी पेपर येत नाही, हे मला माहीत आहे.