मोहाखालची ग्रामसभा

बाळांनो,

निवृत्तीनंतर आजी त्या जंगलात काय करते, असं तुम्ही विचारलंत. भांडते. या चैत्रातलं भांडण क्रमाने सांगते.

आमच्या गावाला नवी सरपंच मिळाली. माझीच विद्यार्थिनी, इंग्रजीच्या तासाला मला रडवणारी. पदभार घेऊन महिना झाला नव्हता, तोच उपसरपंचाने विषय काढला : तळ्याकाठची मोहाची झाडं तोडून तिथे ट्रक उभे करायला जागा द्यायची. त्या झाडांची फुलं विकून निम्म्या गावाचं मीठ-तेल चालतं. पण जागा द्यायला ग्रामसभेची मंजुरी हवी.

सरपंच तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेली असताना त्याने ग्रामसेवकाला हाताशी धरून सभेची वेळ ठरवली. सकाळी आठ. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि बाया ती वेचायला जातात. त्या दिवसांत आठ वाजता गावात एक बाई सापडत नाही. पुरेसे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला संख्येची अट नसते. मग चार जणांनी हात वर केले की झाडं गेली.

त्या सकाळी पंचायतीत आम्ही मोजकीच माणसं होतो; सरपंच आदल्या रात्रीच तालुक्याहून परतली होती. उपसरपंच घड्याळ बघून म्हणाला, "लोक नाई आले. तहकूब लिहा साहेब."

सरपंच उठली. "काऊन घाई करून राह्यले भाऊ? लोक आले आहेत. फक्त इथी नाई."

"मंग कुठी?"

"तुमाले जी जागा पायजे, तिथीच."

ग्रामसेवक म्हणाला, "मॅडम, असं नियमात बसत नाही."

"कोणत्या नियमात? वाचून दाखवा," मी म्हटलं. त्याने वही मिटून काखेत घेतली.

"चपला घाला साहेब," सरपंच म्हणाली आणि चालू लागली. मागोमाग आम्ही सगळे.

झाडांखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. तिने हाक मारली, तशी एक म्हातारी ओरडली, "थांब ना वं, टोपली भरू दे! सभा काय पळून राह्यली?"

टोपल्या भरल्या, बाया पालापाचोळ्यावर बसल्या. उपसरपंच करवादला, "हे सभा आहे का बजार?"

"बजारच समजा भाऊ," म्हातारी म्हणाली, "पण विकाले काही नाई."

बाया हसल्या. सरपंच हसली नाही. तिने सभा सुरू केली. "ज्याईले झाडं तोडाची आहेत, त्याईनं हात वर करा." उपसरपंच आणि त्याचे दोन सोबती. "ज्याईले ठेवाची आहेत, त्याईनं." मोहाच्या रसाने चिकट झालेले हात वर गेले, त्यांत माझाही. ग्रामसेवकाने उभ्याउभ्याच ठराव लिहिला.

जाताना उपसरपंच म्हणाला, "पुढच्या सभेत पाहून घेऊ."

"पाहा ना भाऊ," सरपंच म्हणाली. "मोह गळून राह्यला तवर सभा इथीच होईन."

तुमच्या बाबाने फोनवर विचारलं, या वयात तुला हे कशाला हवं? मला हवंच आहे. उपसरपंच वर तक्रार करणार आहे म्हणे. खुशाल करावी. चौकशीला येणाऱ्या साहेबांनी मात्र पहाटेच मोहाखाली यावं. उन्हं वर आल्यावर बाया मोह वाळत घालतात. तेव्हा साहेबांशी बोलायला त्यांना वेळ नसतो, आणि मी बायांना बोलवायला जाणार नाही.