दहा कुत्र्यांची बाटली

आमचे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शिंक आली तरी स्वतःच्या शेतापर्यंत दम धरत. ओल दुसऱ्याच्या मातीत काऊन पाडायची, असा त्यांचा सवाल. बिडी ओढताना जळतं टोक मुठीत झाकून धरत, कारण अर्धी बिडी वाराच फुकट ओढून जातो. हिंगणीहून बोरच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं शेत, आणि शेताच्या बांधालाच लागून घर.

त्या घराची राखण एक तांबडा कुत्रा करी. त्याच्या एका कानाचा तुकडा रानडुकरानं नेलेला. तो भुंकला की रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप बोर धरणापलीकडे जाऊनच श्वास घेई. एकदा तर त्यानं वाघाला बांधावर उभं करून चूक कबूल करायला लावली. मी हे पाहिलेलं नाही, पण वाघानं नाकारल्याचंही माझ्या कानावर नाही. मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, त्याला पोचा पडलेल्या जर्मनच्या ताटात भाकर कुस्करून देई. तिला मूलबाळ नव्हतं. कुत्र्याशी ती जेवढं बोले तेवढं नवऱ्याशी बोलली असती, तर नवरा सुधारला असता असं आमच्या आईचं मत होतं. माझं तसं मत नाही.

कुत्र्यांना वर्षातून एकदा पिसाळू नये म्हणून सुई टोचावी लागते. सेलूचा डॉक्टर फीसकट तीनशे घेई. गावानं त्यावर तोड काढली होती. वर्ध्याच्या औषधाच्या दुकानात दहा खुराकांची एक बाटली मिळते, ती एका कुत्र्यामागे फारच स्वस्त पडते. मात्र एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. म्हणून दहा घरं एकत्र येत. जो माणूस वर्गणी गोळा करी, त्याचा कुत्रा फुकटात टोचला जाई. त्या वर्षी हे समाजकार्य मोठ्या बाबांनी स्वतःहून अंगावर घेतलं, तेव्हाच गावानं सावध व्हायला हवं होतं.

बाटली मी आणली, थर्मासात बर्फ घालून. गाडी माझी, पेट्रोल माझं, बर्फही माझाच. शाळेपुढच्या लिंबाखाली कुत्री जमली. कुणी दोरीला, कुणी लुगड्याच्या काठाला, एक तर पोत्यात. टोचायला गावातलाच एक माणूस होता. बैलांना सुया देऊन देऊन त्याचा हात बसला होता आणि सगळे त्याला डॉक्टरच म्हणत.

सुरुवातीलाच घोडं अडलं. पुलगावला नोकरी करून गावी परतलेले एक गृहस्थ वासराएवढा कुत्रा घेऊन आले होते.

"एवढ्या जनावराले एक खुराक? पोट्ट्याले अन् पहेलवानाले सारखीच भाकर वाढता का गा तुम्ही?"

"सुईत भाकर नाई राहत, साहेब," टोचणारा म्हणाला. "पिल्लू असो का हत्ती, एकाले एकच."

मोठ्या बाबांचे डोळे चमकले. "तू टोच बे दोन. साहेब दोन हिश्शे देऊन राह्यले, तुह्या बापाचं काय जाते?"

"मंग तुमच्या तांबड्याले काय टोचू? पाणी?"

"त्याले काय होते? रानातलं हाडूक हाय ते. पुढच्या साली पाहू."

मोठी आई तांबड्याची दोरी धरून रांगेत शेवटी उभी होती. तिनं विचारलं, "अवो, माह्या कुत्र्याचा खुराक इकला का तुम्ही?"

"इकला नाई वं. उसना देला."

सगळा लिंब हसला. तांबडाही शेपूट हलवू लागला. माणसं हसताहेत म्हणजे आपलंच काहीतरी बरं चाललंय, असा त्याचा आयुष्यभराचा समज होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, "माह्या अंड्यांच्या पैशातून सेलूले नेतो त्याले." मोठे बाबा म्हणाले, "अंडं कोंबडीचं, अन् कोंबडी माह्यी." तिथं ते प्रकरण मिटलं.

कापूस वेचणीला आला. मोठी आई भर दुपारी ओळीत वाकलेली असताना जंगलाच्या बाजूनं एक कोल्हा झिंगत आला, तोंडाला फेस. कोल्हा दुपारी माणसाकडे चालत येत नाही, हे तिला माहीत होतं, पण तिच्या गुडघ्यांना पळणं माहीत नव्हतं. तांबडा मधे पडला. बातमी पारावर पोचेतो त्या कोल्ह्याचा लांडगा झाला होता आणि दिवेलागणीला त्याला पट्टेही फुटले. पण खरं तेवढं सांगतो: कोल्हा मेला, मोठ्या आईला ओरखडाही नाही, आणि तांबड्याचं तोंड फाटलं होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं धुतलं.

मी सेलूच्या डॉक्टरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. डॉक्टर म्हणाला, "आधी टोचलं असतं तर दोनात भागलं असतं. आता पाच लागतील, पहिली आजच. अन् वेगळा बांधून ठेवा." मग त्यानं पाचाची किंमत सांगितली. मोठ्या बाबांचा चेहरा असा झाला, जणू कोल्हा त्यांनाच चावला.

"एवढ्यात तं बकरी येते!"

"बकरी कोल्ह्याले आडवी जाईन का?" मोठी आई म्हणाली.

ती ओढणीसारखा पदर गुंडाळून घरोघर निघाली. त्या बाटलीतून ज्यांची कुत्री टोचली गेली होती, त्या सगळ्यांच्या दारात उभी राहिली. उत्तर सगळीकडे एकच. "वैनी, आमी आपला हिस्सा देला. तुमचा कोनाच्या कुत्र्यात गेला त्याले इचारा." म्हणून ती पुलगाववाल्यांकडे गेली. त्यांचा वासराएवढा कुत्रा ओट्यावर पंख्याखाली झोपला होता. ते म्हणाले, "बाई, मी दोन खुराकांचे पैसे मोजले. आता तो पिसाळायच्या आत बंदोबस्त करा. इथं लेकरं फिरतात." संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला लेकरं आठवली.

बंदोबस्त करणारा एक माणूस गावात होता. त्यानं दोन पव्वे मागितले. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू मिळते, फक्त बंदीचे पैसे वर पडतात. मोठे बाबा घासाघीस करू लागले.

"एकात कर ना गा. कुत्रा लहान हाय."

"पिल्लू असो का हत्ती," तो म्हणाला, "दोनच."

दोन पव्व्यांत सेलूची ती तीनशेची सुई टोचून वर चहा झाला असता. मोठ्या बाबांनी नोटा मोजून दिल्या. काठीचे पैसे तेवढे वाचवले. रानडुकरांसाठी ठेवलेली घरचीच दिली.

दोरी त्यांनीच धरली. जन्मात पहिल्यांदा मालक आपल्याला घेऊन फिरायला निघाला, म्हणून फाटल्या तोंडाचा तो तांबडा नाल्यापर्यंत पुढे पुढे नाचत गेला. मोठी आई चुलीपुढे बसून होती. नाल्याकडून काठीचा आवाज आला, मग परत आला. पहिला पव्वा मारणाऱ्यानं आधीच घेतला होता, त्यामुळे नेम चुकत होता. आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आईला सरकारी दवाखान्यात नेलं, कारण तिनं जखम धुतली होती. माणसांना ही सुई फुकट. मोठे बाबाही मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसले. कुत्र्यानं त्यांना चाटलं नव्हतं, त्यानं तशी हिंमतच कधी केली नव्हती. पण रांगेत ते तिच्या पुढे उभे राहिले आणि नर्सला म्हणाले, "मीच धुतलं त्याचं तोंड." फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी दुसरा दंडही पुढे केला. नर्सनं खाली ढकलला.

त्या संध्याकाळी मी तिथंच जेवायला होतो. मला पितळी मिळाली. मोठ्या बाबांच्या पुढे तिनं राखेनं घासून लखलखीत केलेलं, पोचा पडलेलं जर्मनचं ताट ठेवलं. त्यात भाकर कुस्करूनच वाढली होती.

ते ताटाकडे बघत राहिले. "हे काय वं?"

"फेकून देऊ का? नव्याले पैसे लागते."

मोठ्या बाबांनी विचार केला आणि जेवायला लागले. अर्धी भाकर झाली असेल, तोच बांधापलीकडून कपाशी मोडल्याचा आवाज आला. आधी एकीकडून, मग चहूकडून. रानडुकरं आली होती, सगळं गणगोत घेऊन, आणि कुणी भुंकत नव्हतं. मोठ्या बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग कोपऱ्यात, जिथे एरवी काठी असे.

मोठ्या आईनं चटणी वाढली.

"जा ना," ती म्हणाली. "सुई तं घेतली तुम्ही."