मागे घेतलेला पेपर

मेंदूवरच्या औषधांच्या जगात बाईंचं नाव ज्या एका पेपरमुळे झालं, तो पेपर चुकीचा होता. हे आधी लक्षात आलं ते पिंजरेवाल्या काकांच्या.

काका प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायचे. एका दुपारी पिंजरे धुता धुता ते सहज म्हणाले, "बाई, औषध न घालता ते विरघळवायचा नुसता द्रव टोचला ना, तरी उंदीर तस्सेच सुस्तावतात. अंगाची थरथर आपोआप थांबते."

बाईंनी जुन्या नोंदवह्या काढल्या. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी अर्ध्या उंदरांना त्या द्रवात विरघळवलेलं थरथरीवरचं नवं औषध टोचलं होतं आणि तुलनेसाठी उरलेल्यांना साधं मिठाचं पाणी. खरं तर दोन्हीकडे द्रव एकच हवा. हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं, पेपरवर नाव असलेल्या इतर चौघांच्याही नाही. पुढे अकराशे चौदा पेपरांनी त्याचा दाखला दिला, पण एकानेही विचारलं नाही की बाई, द्रव कुठला होता?

चार महिने खपून त्यांनी प्रयोग पुन्हा केला. इकडे औषध, तिकडे नुसता द्रव. फरक शून्य. थरथर थांबवत होता तो द्रव. औषध नुसतं नावाला.

बाई संस्थेच्या संचालकांकडे गेल्या. पेपरवर प्रमुख म्हणून शेवटचं नाव त्यांचंच होतं, जरी प्रयोग चालू असताना त्यांनी उंदरांच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. त्यांनी आकडे वरवर चाळले आणि फाईल मिटली.

"कोणी विचारलंय का आपल्याला? नाही ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची बढतीही जवळ आली आहे."

आणि बाई गप्प बसल्या. तब्बल दीड वर्ष. याची चीड त्यांना पुढे सगळ्यात जास्त आली.

मग एके सकाळी मावशीच्या शेजारणीचा फोन आला. आई गेल्यावर बाईंना मावशीनेच वाढवलं होतं. वयामुळे तिचे हात थरथरायचे, पण जुन्या गोळीने ते आटोक्यात होतं. आता उकळत्या पाण्याचं पातेलं तिच्या हातून सुटलं होतं. डावा पाय गुडघ्यापासून खाली भाजला होता. बाई दवाखान्यात धावल्या.

"पण मावशी, तुझी गोळी?"

"ती डॉक्टरांनी बंद केली गं. नवी दिली, तुझ्या औषधाची. महिना झाला." मावशी खाटेवर पडूनही कौतुकाने हसली. "तुझं नाव होतं गोळीबरोबरच्या कागदावर! डॉक्टरांनीच दाखवलं. मी म्हटलं, अहो, ही माझीच पोर. मग घेणार नाही तर काय?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्यातून त्या तडक संस्थेत आल्या आणि दार न वाजवता संचालकांच्या खोलीत शिरल्या.

"पेपर मागे घेतेय. सही करा."

"अहो, बसा तरी. अकराशे दाखले एका सहीने धुऊन टाकणार?"

"धुवायचेच आहेत. घाण आहे ती."

"संस्थेचं नाक कापलं जाईल."

"नाकाचं नंतर बघू. माझ्या मावशीच्या पायाची कातडी गेलीय!"

बाहेर व्हरांड्यात माणसं जमली होती. बाईंचा आवाज एवढा चढू शकतो, हे वीस वर्षांत कोणाला ठाऊक नव्हतं.

संचालकांनी सही केली नाही. उरलेल्या तिघांनी केली, त्यातल्या एकाने रडत. नियतकालिकाने पेपर मागे घेतल्याची चार ओळींची सूचना छापली, "एक लेखक असहमत" असं शेपूट जोडून. बाईंची बढती अडली. असहमत लेखक हारतुरे घेऊन निवृत्त झाले. मावशीची जुनी गोळी परत सुरू झाली, हात स्थिरावले. चाल मात्र कायमची लंगडी झाली.

बाईंनी खऱ्या निकालाचा पेपर लिहिला. तीन नियतकालिकांनी तो "यात नवीन काही सापडलेलं नाही" म्हणून परत पाठवला. चौथ्याने छापला. त्याला वर्षभरात सहा दाखले मिळाले, त्यातले दोन बाईंचे स्वतःचेच. त्याच वर्षी मागे घेतलेल्या पेपरला मिळाले सत्तावन्न.

त्या सत्तावन्नांना बाईंनी एकेक पत्र लिहिलं. नऊ उत्तरं आली. त्यातल्या एका प्राध्यापकाने अगदी सरळ कळवलं होतं : तुमचा मूळ पेपर आम्ही कधी वाचलाच नव्हता, दुसऱ्या कोणाच्या तरी यादीतून उचलला होता, क्षमस्व.

बाईंनी ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. "वाचलाच नव्हता! आणि मी मेली सोळा वर्षं मिरवत होते!"

"बाई, रक्तदाब वाढेल."

"वाढू दे. उत्तर न दिलेले अठ्ठेचाळीस जण आहेत अजून," असं म्हणून त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पहिल्याला दुसरं पत्र लिहायला घेतलं. या वेळी मायना सोडून.