सुधारलेला वर्ग

झाशीतल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी समजतं, पण बहुतेकांना बोलता येत नाही. माझं मराठी चांगलं आहे असा समज असल्यामुळे रविवारचा ऑनलाइन वर्ग माझ्या गळ्यात पडला. मुलं कंटाळू लागली तेव्हा मी वर्ग सुधारला. मी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायचो, मुलं अंगठ्याचं बटण दाबायची. तासभर कुणी चकार शब्द बोलत नसे. पालक खूश होते. "भैया, क्या क्लास है!"

एका रविवारी झाशीजवळच्या बरुआसागर गावाहून वर्गाला येणाऱ्या मुलीने माइक सुरू केला. "काका, इथे नेटवर्क नाही, चित्र दिसत नाही. काय आहे त्यात?"

"दगड," मी म्हणालो. "म्हणजे दोन दगड. त्यावर चटणी... पीसते हैं."

"पाटा-वरवंटा?"

"शाबास!" मी असं म्हणालो, जणू तिची परीक्षाच घेत होतो.

आज कबूल करतो, चित्रं मुलांसाठी नव्हतीच. जिथे मला शब्द आठवत नसे, तिथे मी चित्र लावायचो.

"काका, पुढचं चित्र कसलं?" तिने विचारलं.

मी ते पाहिलं आणि वर्ग लवकर सोडला.