आखूड ढोलकी

मार्थामावशींशी बोलायचं तर त्यांच्यामागे चालावं लागे. श्रीरामपुरातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथपासून दारापर्यंत आणि दारापासून लेथपर्यंत त्यांच्या सतत येरझाऱ्या चालत. चहासुद्धा त्या फिरतच पीत. मी एकदा म्हटलं, "मावशी, घटकाभर बसा की." तर म्हणाल्या, "बसून काय लाकूड गोल व्हतं का, बाई?"

नवरा गेल्यावर त्यांनी त्याचं लेथ मशीन विकलं नाही. पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, ढोलकीची खोडं, सगळं त्या स्वतः कातू लागल्या. साठी उलटलेली काटक बाई, केसांत कायम भुसा. गळ्यातला क्रूस मशीनमध्ये अडकू नये म्हणून ब्लाऊजच्या आत खोचलेला.

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांसाठी. बाबा आमच्या कोल्हारच्या विहारातले ढोलकीवाले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वर्षभर ढोलकी कोपऱ्यात पडून राहिली आणि तिचं खोड भुंग्यानं पोखरलं. बाबांनी तरुणपणापासून शिसवाचा एक ओंडका पलंगाखाली जपला होता. "माझी शेवटची ढोलकी ह्याची," असं ते म्हणत. तो ओंडका आणि जुन्या ढोलकीचं माप मी मावशींना नेऊन दिलं. येत्या जयंतीला बाबांना वाजवायचं होतं. शाळा सुटली की मी रोज फोन करून "झालं का?" विचारायची. आता वाटतं, माझ्या त्या घाईनंच त्यांचा हात हलला असेल.

आठव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "बाई, या. माझ्या हातनं चूक झाली."

खोड आतून पोखरताना पटाशी गाठीत अडकली होती आणि तोंडाजवळ आरपार भोक पडलं होतं, अंगठा जाईल एवढं. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. रडवेली होऊन मी म्हणाले, "भुसा आणि गोंद भरा, वरून पॉलिश मारा. बाबांना कळणार नाही."

मावशी जागीच थांबल्या. "भाऊंना पयल्या थापेला कळंल. आन् न्हाई कळलं तरी मी न्हाई करायची. आमच्या ह्यांनी एकदा पाळण्याच्या दांडीची चीर आशीच भरून दिली हुती. दांडी मोडली. लेकरू वाचलं. पर त्याची आई दारात उभी राहून आमच्याकडं कशी बघत हुती, ते मी अजून इसरले न्हाई."

आणि पुन्हा येरझाऱ्या सुरू झाल्या. मी परत आले. बाबांना सांगायचा धीर झाला नाही. दोन दिवस वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात मधेच थांबायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी एसटीनं कोल्हारला आल्या. मला बाजूला सारून थेट बाबांपुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमचं लाकूड माझ्या हातनं फुटलं. ओरडायचं तर आधी ओरडून घ्या. मग मला माप घ्यायचं हाय."

बाबा म्हणाले, "किती गेलं?"

"चार बोटं. तेवढं कापून उतार नव्यानं काढते. पर ढोलकी आखूड व्हईल, आवाज चढा लागंल."

त्यांनी जुनी ढोलकी बाबांच्या मांडीवर ठेवली. "वाजवल्यावानी करा." उजवा हात लगेच जागेवर गेला. डावा मात्र दुसऱ्या तोंडावरच्या कातडी पुडीच्या बराच अलीकडे थांबला. बाबा तो ताणत राहिले, कपाळावर घाम आला.

"पोचत न्हाई," शेवटी ते म्हणाले. "लई दिसांपासून ठाव हाय मला. पोरीला बोललो न्हाई."

जुन्या ढोलकीचं माप मी नीट घेतलं होतं. बाबांच्या आताच्या हातांचं माप घ्यावं, हे मला सुचलंच नव्हतं.

मावशींनी बाबांच्या दोन्ही तळव्यांमध्ये दोरी धरली, दोनदा मोजली. "चार न्हाई, सा बोटं काढते," म्हणाल्या आणि पुढच्या गाडीनं गेल्या.

जयंतीच्या दोन दिवस आधी पुड्या चढवून ढोलकी आली. आवाज खरंच चढा होता. गाणारे कुरकुरले, पण त्यांनी पट्टी वाढवली. बाबांनी दोन गाणी वाजवली. तिसऱ्याला डावा हात मंदावला, तेव्हा ते स्वतःच थांबले. विहाराच्या दाराशी फेऱ्या मारणाऱ्या मावशींना मी म्हणाले, "बरंच झालं म्हणायचं ते भोक पडलं."

त्या चिडल्याच. "आसं म्हनू नका. भाऊंचा हात पोचत नव्हता, म्हनून माझी चूक काय चूक राह्यली न्हाई? ती माझीच हाय."

त्यानंतर माझ्या हातून काही बिघडलं आणि योगायोगानं निभावलं, तर मी सुटकेचा निःश्वास टाकायच्या आधी त्यांचं हे वाक्य आडवं येतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे गेले. मुलीनं त्यांना पुण्याला नेलं, लेथ नेवाशाच्या कुणीतरी घेतलं. परवा फोन केला, तर मागे त्यांच्या फरफटत्या चपलांचा आवाज चालूच होता.

"करमतं का, मावशी?"

"घर लई झ्याक हाय, बाई," त्या म्हणाल्या. "पर समदं आधीच गुळगुळीत करून ठिवलंय. हाताला कायच लागत न्हाई."