न पाहिलेल्या घाटाची अकरा वळणं

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, राज्य निजामाचं होतं आणि सेलूचे आम्ही तिघं मोटारीनं कन्नडच्या घाटाची सहल आखत होतो. दिवाळीला आखायला बसलो ते संक्रांत आली तरी आखतच होतो. मोटार वकीलसाहेबांची. ती तोवर देवगाव फाट्याच्या पुढं गेलेली नव्हती, आणि तिथूनही दोनदा बैलांनी ओढत आणली होती. खाण्यापिण्याचं कापसाच्या जिनिंगच्या मुनीमजींकडं. धपाटे की दशम्या, यावर त्यांनी एक आख्खी बैठक खाल्ली. वाटाड्या मी. शाळेत भूगोल शिकवायचो, आणि तो घाट पाहिलेला माणूस आमच्यात मी एकटाच होतो.

पाहिलेला नव्हता. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

घाटापलीकडच्या चाळीसगावला एका लग्नाला गेलो होतो, तो रेल्वेनं, मनमाडवरून. परतल्यावर कुणीतरी विचारलं, "घाटानं आलात व्हय?" मी हो म्हणालो. एकदा हो म्हटलं की माणसं पुढचं विचारतात. मग घाटाला अकरा वळणं फुटली, सातव्या वळणावर वड उगवला, नवव्यावर ढग हाताला लागू लागले.

"मास्तर, इंजिन तापलं तर पाणी कुठं मिळंल?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सातव्या वळणाला झरा आहे की."

मुनीमजींनी झरा वहीत उतरवला. "मंग धपाटे तिथंच सोडू."

मोटारीत एक जागा उरत होती. वकीलसाहेबच म्हणाले, "तुमच्या आक्काला घ्या. वाटेत वेरूळ लागतंय, देवदर्शन होईल. आमच्या घरी तर मोटारीचा वासच सोसत न्हाई."

आक्का माझी थोरली बहीण. पोखर्णीला दिलेली, विशीच्या आत विधवा होऊन परत आलेली. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. आमच्याकडची जमीन परातीसारखी सपाट. तिनं जन्मात डोंगर पाहिला नव्हता. "डोंगराच्या मागं काय असतंय रे?" असं रोज विचारायची. निघायचा दिवस ठरला नव्हता, तरी धुतलेलं लुगडं घडी करून तिनं उशाखाली ठेवलं होतं.

एका बैठकीला मंडळी आमच्या ओसरीवर जमली. मी नवव्या वळणावरचे ढग सांगत होतो. मंडळी गेल्यावर आक्का चुलीपुढून हसत म्हणाली, "अकरा वळणं कवा मोजलीस रे? आगीनगाडीतून आलास तवा डोळ्यातली कोळशाची कणी मीच काढली न्हवं, पदरानं?"

मी ओसरीवरची सतरंजी गुंडाळू लागलो.

"लय रंगवायलास. रंगव की, मी काय कुणाला सांगायले व्हय?"

तिनं सांगितलं नसतं. मला ठाऊक होतं. पण दोन दिवस मोटारीत ती शेजारी बसून गालात हसणार, ह्याचीच मला धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना सांगितलं, आक्काला चक्कर येते, घाट झेपणार नाही. आणि आक्काला सांगितलं, "वकिलीणबाईंचं म्हणणं पडलं, निघताना मोटारीत विधवा बाई नको."

ती बराच वेळ हातातली भाकर थापत राहिली. "त्याच म्हणल्या?"

"त्याच."

गावात तिची मैत्रीण एकच, वकिलीणबाई. रोज दुपारी दोघी वाती वळत बसायच्या. आक्कानं लुगडं पेटीत ठेवलं आणि त्या घराची पायरी परत चढली नाही. डोंगराच्या मागं काय असतं, हेही नंतर विचारलं नाही.

सहल? लढाईपायी पेट्रोल रेशनवर गेलं, त्याच्या चिठ्ठ्याच मिळाल्या नाहीत. मोटारीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मुनीमजींनी धपाटे घरच्या अंगणात बसून खाल्ले. मी चारचौघांत हळहळलो आणि घरी येऊन गाढ झोपलो.

पुढं आक्का गेली तेव्हा वकिलीणबाई आल्या. तिच्या उशाशी बसून मला म्हणाल्या, "अशी काय रुसली व्हती हो माझ्यावर? माझं काय चुकलं, सांगितलं तरी का कदी तुमाला?"

मी म्हणालो, "स्वभावच तसा होता तिचा."

वकिलीणबाई अजून आहेत. हे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं आहे. माझ्या घरापासून त्यांच्या दारापर्यंत एकच वळण लागतं. तिथून दोनदा परत फिरलो.